काडतुसाच्या बुडावरची अक्षरं

भूमसारख्या तालुक्याच्या गावात सरकारी नोकरीत असलं, की कधी ना कधी पंच म्हणून बोलावणं येतंच. ठाण्याचं पत्र येतं, 'दोन कर्मचारी पंच म्हणून उपलब्ध करून द्यावेत', आणि हाताशी जो असेल त्याला साहेब धाडतात. माझ्या वाट्याला आलेला पंचनामा बार्शी रस्त्यावरचा. कमरेला पिस्तूल लावून एक जण येणार, अशी पोलिसांना पक्की बातमी होती. तो आला. वीस-बाविशीतलं पोरगं, आमच्याच भागातलं, बाप खव्याच्या भट्टीवर कामाला. अंगझडतीत पँटीत खोचलेलं पिस्तूल निघालं आणि मॅगझिनमध्ये दोन जिवंत काडतुसं.

इतक्या जवळून हत्यार मी कधी पाहिलं नव्हतं. मुठीवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या स्क्रूंनी आवळलेल्या, त्यातल्या एकाचा आटा गेलेला. लोखंडावर कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले. नाव नाही, नंबर नाही. 'गावठी बनावटीचे पिस्टल, अंदाजे किंमत ३०,००० रुपये,' असं फौजदार सांगत गेले, हवालदार लिहीत गेले. मग हवालदारांनी एक काडतूस बॅटरीच्या उजेडात धरलं आणि म्हणाले, "सर, बुडावर काय आहे ते वाचा, तसंच लिहायचंय." पितळी बुडावर, मधल्या टोपीभोवती बारीक इंग्रजी अक्षरं होती : के. एफ., ७.६५.

"म्हणजे काय?"

"खडकी फॅक्टरी, सर. सरकारी माल."

दोन्ही काडतुसं खाकी पाकिटात गेली. आम्हा पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लागली, वर लाखेचं सील पडलं. माझं काम तिथं संपलं होतं, पण ती अक्षरं डोक्यातून जाईनात.

पिस्तूल कुठून आलं, हे शोधणं अवघड आहे हे मलाही कळतं. आपल्याकडं पकडली जाणारी पुष्कळ गावठी पिस्तुलं सातपुड्यातल्या उमर्टीची असतात. गाव मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात, जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून. तिथली शिकलगार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या लोखंडात काम करणारी. २०२५च्या फेब्रुवारीत तिथं कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या पोलीस शिपायालाच पळवून नेलं होतं. नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी छापा घालून तिथल्या भट्ट्या तोडल्या, तीसहून जास्त माणसं ताब्यात घेतली. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला कायदा सौम्य आहे असंही नाही. १९५९चा शस्त्र कायदा २०१९ साली दुरुस्त झाला, तेव्हापासून बेकायदा हत्यार बनवलं किंवा विकलं तर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. नुसतं जवळ बाळगलं तर दोन ते पाच वर्षं. शिक्षा कडक झाली ती योग्यच झाली. पण उमर्टीचा कारागीर लोखंड घडवतो, काडतूस घडवत नाही. आणि काडतुसाशिवाय ते लोखंड कुणाचाही जीव घेऊ शकत नाही.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाचे सात भाग झाले, तेव्हा तो पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडं गेला. परवान्यावरच्या .३२ पिस्तुलाला जी गोळी लागते, तीच ही ७.६५ मिलिमीटरची. ती विकणाऱ्या दुकानदाराला परवाना लागतो, रजिस्टर ठेवावं लागतं, गिऱ्हाइकाच्या परवान्यावर नोंद करावी लागते. म्हणजे ठसा खरा असेल, तर कारखान्याच्या दारातून निघालेली ती गोळी सरकारला नावानिशी माहीत असलेल्या हातांतून गेली, आणि त्यातल्याच कुठल्या तरी हातातून ती या पोराकडं गळाली.

माझ्या नात्यातल्या एका गुत्तेदाराकडं पिस्तुलाचा परवाना आहे. पंचनाम्यानंतर मी मुद्दाम त्याच्याकडं गेलो आणि परवान्याचं पुस्तक मागून घेतलं. काडतुसं घेतल्याची नोंद दुकानदारानं व्यवस्थित केलेली होती. "दादा, यातली उडवली किती?" मी विचारलं. त्याला आठवेना. काही सरावाला, काही भावाच्या लग्नात म्हणाला. लग्नात बार काढणं २०१९पासून स्वतंत्र गुन्हा आहे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. रिकाम्या पुंगळ्या दाखव, असं त्याला कुणी कधी म्हटलं नव्हतं. तो माणूस सरळ आहे, त्यानं गोळी विकली नसणार याची मला खात्री आहे. पण विकली असती, तरी त्या पुस्तकात काहीच वेगळं दिसलं नसतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने असल्याचं २०२४च्या डिसेंबरात, मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर उघड झालं, मग शेकड्यांनी परवाने रद्द करायची वेळ आली. परवान्यांच्या आकड्यावर तेव्हा खूप बोललं गेलं. त्या परवान्यांवर उचललेल्या काडतुसांचा हिशेब मात्र मला कुठं वाचायला मिळाला नाही.

जबाबदारी कुणाची, हा वाद अमेरिकेत थेट कारखानदारापर्यंत जातो. २००५च्या एका कायद्यानं तिथल्या बंदूक कंपन्यांना बरंचसं संरक्षण दिलं आहे. तरी सँडी हूक शाळेतल्या २०१२च्या हत्याकांडानंतर मृतांच्या नातेवाइकांनी जाहिरातींच्या मुद्द्यावर बंदूक बनवणाऱ्या रेमिंग्टनला कोर्टात खेचलं, आणि २०२२ साली तिच्या विमा कंपन्यांना ७.३ कोटी डॉलर मोजावे लागले. अमेरिकी बंदूक कंपन्यांवर मेक्सिको सरकारनं केलेला दावा वेगळा होता : कुठले दुकानदार टोळ्यांना माल देतात हे कंपन्यांना कळतं, तरी पुरवठा चालूच राहतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२५च्या जूनमध्ये तो एकमतानं फेटाळला. मला मेक्सिकोचं म्हणणं पटतं. माल कुठं गळतोय हे कळण्याची सोय ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर ते बघण्याची जबाबदारी असली पाहिजे. आपल्याकडं तर बनवणारं सरकार, परवाना देणारं सरकार आणि पकडणारंही सरकारच.

कोर्टात माझी साक्ष झाली. उलटतपासात वकिलांनी सह्या ठाण्यात बसून केल्या का, उजेड किती होता, एवढंच विचारलं. मी पाहिलं ते सांगितलं. दोषारोपपत्रात आरोपी दोन, तो पोरगा आणि त्याला पिस्तूल देणारा. काडतुसं कुणाच्या दुकानातून, कुणाच्या परवान्यावर उचलली गेली, याचा त्यात शब्द नव्हता. तपासी अधिकाऱ्याला मी बोल लावणार नाही. बुडावर कारखाना आणि माप असतं, दुकानाचा पत्ता नसतो. त्यांनी कुणाच्या दारात जायचं होतं?

दुकानागणिक वेगळी खूण पितळावर उठवणं खडकीला जड जाऊ नये. तेवढी खूण असती, तर त्या पंचनाम्यानंतर पुढच्याच आठवड्यात एका दुकानाचं रजिस्टर उघडता आलं असतं. ते काम कारखान्यानं करावं आणि दुकानदारानं वर्षाला हिशेब द्यावा. न देणाऱ्याचा परवाना जावा आणि त्याचं नाव आरोपीत यावं. खव्याच्या भट्टीवर राबणाऱ्या बापाचं पोरगं तुरुंगात जात असेल, तर त्या दुकानाच्या मालकानंही त्याच कोर्टात उभं राहिलं पाहिजे.