नकाशातल्या रेषा आणि पायाखालचा डोंगर

सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा धडा आहे. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवरची ठिकाणं जोडणाऱ्या या रेषा. त्या जवळजवळ आल्या की चढ तीव्र, लांब लांब गेल्या की उतार मंद. मुलं हे पाठ करतात, परीक्षेत बरोबर लिहितात आणि गुणही मिळवतात. पण नववीत आल्यावर त्यांच्यासमोर भारतीय सर्वेक्षण विभागाची खरी टोपोशीट पसरली, की तीच मुलं बावचळतात. तपकिरी रेषांच्या त्या जाळ्यात डोंगर कुठे आणि दरी कुठे, ते त्यांना दिसतच नाही. मी संगमनेरजवळच्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. पावसाळा सरत आला की नववीच्या मुलामुलींना घेऊन हरिश्चंद्रगडावर जाण्याचा आमचा रिवाज या नकाशापायी सुरू झाला. नकाशा वाचायला तर मुलं शिकतातच. पण त्याच्या निमित्ताने त्यांच्या हाती आणखी जे लागतं, त्यासाठी मी दरवर्षी ही धावपळ आनंदाने करते.

शिकणं एसटीतच सुरू होतं. प्रत्येकाच्या हातात वही असते आणि काम एकच: खिडकीतून दिसणारी पिकं लिहायची. संगमनेर सोडताना बाजरी, कांदा, डाळिंबाच्या बागा. अकोले मागे पडलं की हिरवा रंग गडद होऊ लागतो. राजूरच्या पुढे भातखाचरं सुरू होतात, पाण्याने डबडबलेली. तालुका शेजारचा, प्रवास काही तासांचा, आणि शेती पार बदललेली. पर्जन्यछायेचा प्रदेश ही व्याख्या मुलांना पाठ असते, पण आपण स्वतः त्या छायेत राहतो हे तोवर कुणाच्या मनात आलेलं नसतं. एका वर्षी एक मुलगा वहीतून डोकं वर काढून म्हणाला, "मॅडम, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो तो या डोंगरामुळे?" ढग सह्याद्रीवर चढताना आपलं बहुतेक पाणी इथेच रिकामं करतात, हे मी फळ्यावर बाण काढून कितीदा तरी शिकवलं होतं. त्या दिवशी ते त्याच्या घरच्या पिंपाशी जाऊन भिडलं.

मुक्काम गडाच्या पायथ्याला, पाचनईत. आम्ही गावातल्या घरांत उतरतो. इथली वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. चुलीवर तांदळाच्या भाकरी, पिठलं, ठेचा. मुलांनी पाणी भरायचं, भांडी घासायची, अंथरुणं घालायची आणि आवरायची. कामांची वाटणी मुलंच करतात आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद चालत नाही. ज्या घरी आम्ही उतरतो तिथल्या मावशींना पहिल्या वर्षी मुलग्यांना भांडी घासताना पाहून फार नवल वाटलं होतं. आता त्या राख आणि नारळाची शेंडी आधीच काढून ठेवतात.

गावातली आमच्या मुलांच्याच वयाची मुलं संध्याकाळी येऊन बसतात. त्यांच्याशी बोलताना आमच्या मुलांना पहिल्यांदा कळतं, की पुस्तकाबाहेरही फार मोठं ज्ञान आहे आणि ते आपल्याजवळ नाही. बाळहिरडा कधी गोळा करायचा, तो वाळवून विकला की घरखर्चाला कसा हातभार लागतो, कारवीच्या काठ्यांनी कूड कसा विणतात, ती कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच कशी फुलते, हे सगळं ती मुलं सहज सांगतात. वर्गात वनस्पतींची शास्त्रीय नावं धडाधड म्हणणारी आमची हुशार मुलगी अशा वेळी गप्प होऊन ऐकत बसते. ऐकून घेण्याची ही सवय तिला पुढे गुणपत्रिकेपेक्षा जास्त उपयोगी पडेल, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी चढाई सुरू होते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून 1424 मीटर. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी, तरी एका टप्प्यावर कातळाची भिंत डोक्यावर झुकून आलेली आणि दुसऱ्या बाजूला घळ. नियम मोजके असतात. ज्याचा वेग सगळ्यात कमी, तो पुढे चालणार आणि बाकीचे त्याच्या मागून. आपलं ओझं आपण वाहायचं. मात्र कुणी थकलं तर ते वाटून घ्यायचं, आणि हे मोठ्यांनी सांगण्याची वाट पाहायची नाही.

त्या झुकलेल्या कड्याखाली दरवर्षी कुणी ना कुणी थबकतं. एका वर्षी शाळेच्या कबड्डी संघातला धिप्पाड मुलगा तिथे खाली बसला. पाय थरथरत होते. त्याच्या मदतीला आला तो वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, कधी हात वर न करणारा मुलगा. लहानपणापासून शेळ्यांमागे डोंगर हिंडलेला. त्याने धीराचं भाषण केलं नाही. "माझ्या पायाकडे बघ, मी ठेवतो तिथंच ठेव," एवढंच म्हणाला आणि एकेक पाऊल टाकत त्याला पलीकडे नेलं. आम्ही सगळे बघत होतो. वर्गातली उतरंड त्या काही मिनिटांत मोडली ती मोडलीच. पुढे शाळेत गटकार्याची वेळ आली तेव्हा त्या मुलाला आपल्या गटात घेण्यासाठी चढाओढ लागली.

वर पोचलं की कातळातली लेणी, पुष्करणी, हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर. चांगदेवांनी 'तत्त्वसार' इथे लिहिला, तो 1312 च्या सुमाराला. मंदिराजवळच केदारेश्वराची गुहा आहे. मधोमध मोठं शिवलिंग, भोवती थंडगार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. तीन युगं संपली म्हणून तीन खांब पडले, चौथा पडला की कलियुग संपणार, अशी आख्यायिका सांगतात. मुलं ती रंगून ऐकतात. मग कुणीतरी विचारतं, "पण तीन खांब पडले तरी छत कसं काय राहिलं?" मी उत्तर देत नाही. मुलं भिंती हाताने चाचपतात, छताकडे टॉर्च मारतात, आपसात वाद घालतात. सांधा कुठेच नाही, हे कुणाच्या तरी लक्षात येतं. गुहा अखंड कातळात कोरलेली आहे आणि छताचा भार चारी बाजूंचा खडक पेलतो आहे, इथवर ती आपली आपण येतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांत लाव्हाचे थरांवर थर साचून हा खडक झाला, हे त्यानंतर सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा नसतो. कारण आता प्रश्न त्यांचा असतो.

मंदिरापासून कोकणकडा पश्चिमेला. पठारावर कारवीच्या झुडपांतून अनेक वाटा फुटतात आणि धुकं उतरलं की सगळ्या सारख्याच दिसतात. इथे टोपोशीट आणि होकायंत्र मुलांच्या हाती देऊन आम्ही मोठी माणसं मागे राहतो. सोबतच्या अनुभवी गिर्यारोहकाला आणि गावातल्या वाटाड्या मामांना वाट पाठ असते. तरी धोका नसेल तोवर कुणी बोलायचं नाही, असं आमचं ठरलेलं. एका वर्षी दाट धुक्यात मुलांचे दोन तट पडले. मळलेली, रुंद वाट डावीकडे जात होती आणि बहुतेकांना तीच बरोबर वाटत होती. नकाशा धरलेली मुलगी मात्र म्हणत होती, "ही दक्षिणेकडे वळतेय. आपल्याला ओढा उजव्या हाताला ठेवायचाय." आवाज बारीक, वर्गात ऐकूही न येणारा. आरडाओरडा झाला. ती रडवेली झाली, पण तिने होकायंत्र जमिनीवर ठेवलं, नकाशा उत्तरेला जुळवला आणि प्रत्येकाला खाली वाकून बघायला लावलं. एकेक करून सगळे तिच्या बाजूला आले.

अशा वेळी गप्प राहणं शिक्षकाला फार जड जातं. उत्तर जिभेवर असतं. पण ते आपण दिलं तर मुलं आपल्यावर विश्वास ठेवायला शिकतात, आणि दिलं नाही तर स्वतःच्या विचारावर. धुक्यातल्या त्या वाटेवर चूक-बरोबर ठरवायला लाल पेन नव्हतं. डोंगरच ठरवणार होता. त्या मुलीला आपलं म्हणणं पटवण्यासाठी आवाज चढवावा लागला नाही, पुरावा दाखवावा लागला. हा धडा कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पुस्तकात बसवायचा?

कोकणकड्यावर कडक शिस्त असते. कुणी काठावर उभं राहायचं नाही. एकेकाने पोटावर झोपून, मोठ्या माणसाने पाय धरले असतानाच खाली डोकवायचं. आत वळलेला तो अजस्र कडा आणि तळाशी कोकणातली चिमुकली शेतं दिसली, की मुलं मागे सरकून आपोआप नकाशा उघडतात. जिथे तपकिरी रेषा एकमेकींत मिसळून एकच जाड पट्टा झाला आहे, त्यावर बोट ठेवतात. 20 मीटरच्या अंतराने काढलेल्या इतक्या रेषा एका जागी का चिकटल्या, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हलकं पान दरीकडे सोडलं तर वारा ते परत वर आणून टाकतो. 1835 मध्ये कर्नल साइक्स यांना इथून दिसलेलं इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, आम्हाला अजून दिसलेलं नाही. पण पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुकं हवं, म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या या कड्यावरून ते सकाळीच दिसू शकेल, हे मुलांनी स्वतः मांडून काढलं आहे. या कड्यावरून पश्चिमेला उतरणारं पाणी अरबी समुद्राकडे जातं. मंदिराजवळ उगम पावणारी मंगळगंगा मात्र पूर्वेकडच्या मुळा, प्रवरा, गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. आपण जलविभाजकावर बसलो आहोत हे उमगलं, की मुलं काही वेळ बोलतच नाहीत.

एवढं सगळं झालं तरी मी काम अर्धंच झालं असं मानते. उरलेलं अर्धं रात्री पाचनईच्या अंगणात होतं. सगळे गोल बसतात आणि तीन प्रश्नांवर बोलतात: आज काय झालं, ते तसं का झालं, उद्या मी काय वेगळं करेन? कबड्डीपटूने तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, "मला भीती वाटली होती." अशी वाक्यं वर्गात येत नाहीत. जॉन ड्यूई यांनी 1938 मध्येच बजावून ठेवलं आहे की प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही. काही अनुभव उलट शिकण्याची वाट बंदही करतात. त्यावर विचार झाला, त्यातून काही गवसलं आणि ते पुन्हा करून पाहिलं, तर अनुभवाचं शिक्षण होतं. चर्चेविना सहल ही छान सहलच राहते.

हा विचार काही परका किंवा श्रीमंत शाळांपुरता नाही. कुर्ट हान यांनी 1941 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर 'आउटवर्ड बाउंड' सुरू केलं ते युद्धकाळात, जहाज बुडाल्यावर तरुण खलाशांना तगून राहण्याची मनाची तयारी मिळावी म्हणून. पण त्याआधी, 1937 मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताने काम करत शिकण्याची नई तालीम देशापुढे मांडली होती. आणि आपल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून, शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेत दगड, पानं, बिया हेच शैक्षणिक साहित्य होतं. एवढा वारसा घरात असताना आपण मुलांना वर्षभर बाकांवर खिळवून ठेवावं, याचं मला वाईट वाटतं.

पालकांची पहिली शंका सुरक्षिततेची असते आणि ती रास्त आहे. म्हणून भर पावसात आम्ही जात नाही. प्रशिक्षित गिर्यारोहक, प्रथमोपचाराचं साहित्य, गावातले वाटाडे, पालकांची लेखी संमती आणि मुख्याध्यापकांची परवानगी यांतलं काहीही कमी असेल तर जाणं रद्द. मुलींच्या घरी मी स्वतः जाते, आईशी बोलते. रात्री कुठे झोपायचं, स्वच्छतागृह कुठे आहे, पाळी आली तर काय सोय, हे स्पष्ट सांगितलं की बहुतेक घरांतून होकार येतो. खर्च एसटीचा आणि जेवणाचा, तोही गावातल्याच घरांना मिळतो.

प्रत्येक शाळेला गड जवळ असेलच असं नाही आणि त्याची गरजही नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत, ते सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकण्यासाठी. ते दिवस चित्रकला स्पर्धा आणि भाषणांत संपवू नयेत, एवढी माझी शिक्षकमित्रांना कळकळीची विनंती आहे. गावचा ओढा उगमापासून चालत जाता येतो. आपल्या विहिरींची पाणीपातळी महिन्याला मोजता येते. शाळेमागच्या टेकडीचा समोच्च नकाशा मुलं स्वतः काढू शकतात. त्यासाठी खरं काम, खरी जबाबदारी, शेवटी मोकळी चर्चा आणि थोडा वेळ गप्प बसू शकणारं एक मोठं माणूस, एवढं पुरतं.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आपण सतत सांगत असतो, की पुढे आयुष्यात निर्णय घ्यावे लागतील. ते घेण्याची संधी आजच द्यायला हवी, चूक झाली तर सावरायला आपण जवळ आहोत तोवर. मोकळ्या आभाळाखाली ही संधी मुबलक आहे, आणि ती देणं हे शाळेच्या मुख्य कामांपैकी एक आहे.