मसूर स्टेशन आणि विलायती सदरा

गेल्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन साताऱ्याहून रेल्वेने निघालो. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव मागे पडले आणि मसूर आले.

"पप्पा, इथं काय बघायचं?"

"इथं नव्या कपड्यांची एक गोष्ट घडली, बाळ."

साल १९०१ च्या सुमाराचे. रामजीबाबा खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांनी मुलांना सुट्टीला बोलावले. पहिलाच रेल्वेप्रवास! विलायती सदरे, भरजरी टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे बूट असा थाट झाला. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे स्वतः लिहिले आहे.

मसूरला न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरला पोशाखावरून मुले ब्राह्मणाची वाटली. छोट्या भीमाने जात सांगताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले नाही म्हणाले. अखेर एकाने दुप्पट भाडे घेतले. गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार! रात्र पाण्यावाचून गेली.

वाचकहो, त्या पोशाखाकडे जरा बघा. सदरा विलायतेचा, धोतर देशी. त्या काळी लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड हिंदुस्थानभर खपे आणि त्या गिरण्यांत अमेरिकेचा, इजिप्तचा, आपल्याकडचाही कापूस जाई. आपण शिवतो ते 'काज' पोर्तुगीज, 'बटन' इंग्रजी, 'पायजमा' फारसी. आपल्या पेटीत असे सारे जग घडी घालून ठेवलेले असते. कापडाला जात नसते. बघणाऱ्याच्या नजरेत असते.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आयाबहिणींना सांगितले, की जात ओळखू येईल अशी लुगड्याची पद्धत आणि जड दागिने सोडा. घोट्यापर्यंत लुगडे नेसणे ही तेव्हा नुसती हौस नव्हती, हिंमत होती.

मुलीने आपल्या जीन पँटकडे पाहिले. "आणि ही कुठली?"

"अमेरिकेची. १८७३ साली तिला तांब्याचे रिबिट ठोकून मजबूत केली, ती कष्टकऱ्यांसाठी."

"म्हणजे आपलीच की!"

मी हसलो. मग ती हळूच म्हणाली, "पप्पा, जात सांगितली नसती तर गाडी मिळाली असती ना?"

"मिळाली असती. पण त्यांनी खोटं सांगितलं नाही."

परतीची गाडी येईपर्यंत ती फलाटावर गप्प बसून होती. मुलांना नवे कपडे घ्याल तेव्हा ही गोष्टही जरूर सांगा.