गुळवेलीचे फायदे

२०२० च्या पावसाळ्यात कॉलनीतल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल मी कापून आणायचे. बोटाएवढं कांड, वरची पातळ साल सोलून ठेचायचं, दोन कप पाण्याचा एक कप होईतो आटवायचं. आई कसाबसा घोट गिळायची, वर गुळाचा खडा. करोनाच्या धास्तीनं घरोघरी काढे उकळत होते. आमच्याकडे मात्र चार महिने एकही दिवस चुकला नाही, तो माझ्या हट्टापायी.

मी नीट वाचून करतेय, अशी माझी खात्री होती. पाच-सहा व्हिडिओ पाहिले, लेख वाचले. नंतर सर्च हिस्ट्री उघडली, तर सगळीकडे एकच: ‘गुळवेलीचे फायदे’. ‘गुळवेल कोणी घेऊ नये’ असं एकदाही टाकलं नव्हतं. आईला थायरॉईड आहे, गोळी चालू आहे, तेही नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी गॅलरीत तिच्या डोळ्यांत थेंब घालताना पापणी खाली ओढली. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग हळद लागल्यासारखा पिवळा. बिलिरुबिन ६.८ निघालं, ते एकच्या आसपास हवं. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. डॉक्टरांनी विचारलं, “घरगुती, आयुर्वेदिक काही घेतात का?” मी म्हणाले, “नाही, काहीच नाही.” काढा म्हणजे औषध, हे माझ्या मनातच नव्हतं. घरी येऊन मी पुन्हा पातेलं चढवलं, आणखी नऊ दिवस. त्या नऊ दिवसांचं मला अजून फार वाईट वाटतं.

पुढच्या खेपेला आईनंच सांगितलं, “ही मला रोज गुळवेल देते.” काढा त्याच दिवशी बंद झाला. डोळे स्वच्छ व्हायला दीड महिना गेला.

२०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांचा अहवाल आला: सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातले, गुळवेल घेतलेले आणि यकृताला इजा झालेले सहा रुग्ण. आयुष मंत्रालयानं तो फेटाळला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जातही असते, असं म्हटलं. ते वाचून आधी मला हायसंच वाटलं. मग आठवलं, मी तरी वेल कशी ओळखली होती? मोबाईलवरचं पान झाडावरच्या पानाशेजारी धरून.

त्या फायद्यांच्या व्हिडिओंपैकी एक मी अकरा जणांना पाठवला होता. एकेकाला फोन केला. मावशी म्हणाली, “अगं, मला तर त्यानं बरं वाटतंय. तूच पाठवलं होतंस ना?” तिला आधी आईचे रिपोर्ट वाचून दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी लिव्हरच्या तपासणीला स्वतः घेऊन गेले.