गाडीखालचं लाल तेल

आमची गाडी १८ वर्षांची. तिच्याखाली लालसर तेल ठिबकू लागलं. इंजिन ऑइल काळपट असतं. हे पॉवर स्टिअरिंगचं. वळताना घरघर, आणि ह्यांच्या दुखऱ्या खांद्याला ते जड स्टिअरिंग पेलवेना. "काकू, अख्खी रॅक बदला," गॅरेजवाला म्हणाला. ह्यांनी मात्र डिकीत बाटली ठेवून वरचेवर तेल ओतायला सुरुवात केली. मैत्रिणींनो, मी बीकॉमवाली. बाटल्यांचा खर्च वहीत मांडला. शिवाय तेल संपून पंप कोरडा फिरला तर तोही जातो!

दुसऱ्या मिस्त्रीने आधी सगळं पुसलं, इंजिन चालू ठेवून मला स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला लावलं. तेल पाझरत होतं पाइपच्या जोडातून. रॅक ठणठणीत! पाइप बदलला. चार महिने झाले, फरशी कोरडी आहे. हे पुन्हा एकटे गाडी नेतात.