किणकिण

लासूर स्टेशनला आमचं घर रुळांच्या इतकं जवळ होतं, की गाडी आल्याचं आमच्याआधी भांड्यांना कळायचं. काचीगुड्याकडून मनमाडला जाणारी लहान लाईनची गाडी अजून नजरेच्या टप्प्यातही नसायची, तोच फळीवरच्या पितळी डब्यांना बारीक कापरं भरायचं, मग पेल्यांना, आणि सगळ्यात शेवटी कपबश्यांना. त्यांची ती किणकिण पातळ, जराशी घाबरलेली, शेवटचा डबा निघून गेल्यावरही क्षणभर घरात रेंगाळणारी. त्या आवाजानं आमची झोप कधी मोडली नाही. गाडी लेट असली आणि तो आलाच नाही, की मात्र जाग यायची.

थंडीतली एक संध्याकाळ. आई बाबांसाठी चहा घेऊन आली आणि बशीत कप वाजला. मी सवयीनं खिडकीकडं पाहिलं. रूळ मोकळे होते, पलीकडं मोंढ्यातून रिकाम्या बैलगाड्या परतत होत्या, उन्हाचा शेवटचा तिरपा पट्टा खडीवर पडलेला.

गाडी नव्हतीच.

आता मागं वळून पाहते तेव्हा कळतं, की त्या किणकिणीच्या कितीतरी आधी सगळं सुरू झालं होतं. पौषातल्या रात्री आम्ही गोधडीत गुरफटलेलो असताना आई ओसरीवर पदरानं वारा घेत बसायची. आधीपेक्षा एक भाकरी जास्तच खायची, तरी हात उचलला की बांगड्या मनगटावरून सरळ कोपरापर्यंत घसरायच्या. पाण्याची कळशी आणली की छातीवर हात ठेवून उंबऱ्यातच टेकायची. "खाल्लेलं जातंय तरी कुठं हिचं?" असं पुटपुटत आजीनं मीठमोहरी उतरवली, शिवनाकाठच्या दाक्षायणीला ओटी बोलली. आणि डोळे! वरच्या पापण्या कुणी ओढून धरल्यासारखे, बुबुळांच्या वरचं पांढरंही दिसावं असे उघडे. मला वाटायचं, ही सतत माझ्यावर डोळे वटारते आहे. "मी काय केलं?" मी विचारायची. "काही नाही गं," ती म्हणायची, पण तेही चिडूनच. हिचा स्वभावच बदलला, असं घरानं ठरवून टाकलं. वर्षभर आम्ही एका ग्रंथीचा राग आईच्या खात्यावर मांडत होतो.

तेव्हाच्या औरंगाबादेत, घाटी रुग्णालयात, डॉक्टरबाईंनी तिला दोन्ही हात समोर पसरायला सांगितले आणि बोटांवर कोऱ्या कागदाचं पान अलगद ठेवलं. पान थरथरू लागलं. त्या खोलीत पंखा बंद होता, कुणी बोलत नव्हतं, आणि कागदाच्या कडांची ती फडफड मला अजून ऐकू येते. नाडी बसल्या जागी मिनिटाला १२० होती. गाव कोणतं, बाईंनी विचारलं. लासूर स्टेशन म्हटल्यावर हसल्या, आणि मग आमच्याच भाषेत सांगू लागल्या. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती टीएसएचचा निरोप पाठवते, आणि त्या हुकमानं गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड चालते. इथं शरीराचीच प्रतिपिंडं खोटा निरोप देत सुटली आहेत. पिट्युटरीनं सिग्नल कधीच लाल केलाय, पण गाडी थांबत नाही. रिपोर्टात टीएसएच कमी पाहून हायसं वाटलेल्या बाबांचा चेहरा तेव्हा उतरला. टीएसएच इतका खाली गेलाय, म्हणजेच आजार वर चढलाय. असंच सुटत राहिलं तर हृदयाचा ताल बिघडतो, हाडं विरळ होतात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखतात. माझ्यासाठी ते नाव नंतरचं. आधी तो कागदच.

गोळ्या सुरू झाल्या. एक धडधड आवरणारी, तिनं थोड्याच दिवसांत हात स्थिरावले. दुसरी कार्बिमॅझोल, तिला गुण यायला आठवडे लागले. घसा धरून ताप आला तर ही गोळी थांबवून लगेच रक्त तपासायचं, हे बाबांनी कालनिर्णयच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. दीड वर्षानं गोळ्या बंद झाल्या. आणि काही महिन्यांनी, एका दुपारी, कप पुन्हा वाजला. आईनंच तो हळूच खाली ठेवला. कुणी काही बोललं नाही.

तोवर लहान लाईन जाऊन मोठी आली होती. तिनंच आई मुंबईला गेली, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. भाभा अणुसंशोधन केंद्रानं १९६३ मध्ये सुरू केलेलं ते ठिकाण. तिथं किरणोत्सारी आयोडीन देतात. थायरॉईड आयोडीनची इतकी हावरी, की ते आपणहून ओढून घेते आणि त्यानंच आतून विझत जाते. आई परतली ती "मुलांना काही दिवस जवळ घेऊ नका" ही ताकीद घेऊन. तिचं अंथरूण वेगळ्या खोलीत, दार लोटलेलं. ते आयोडीन दर आठ दिवसांनी अर्धं होतं, असं बाबांनी सांगितलं. मी भिंतीवर रेघा मारायची. अर्धं. अर्ध्याचं अर्धं. शाळेतलं गणित मला कधी इतकं लांबलचक वाटलं नाही. रात्री गाडी गेली की लोटलेलं दार कडीशी थोडं थरथरायचं, आणि आतून तिच्या बांगड्यांचा आवाज येतोय का, हे मी श्वास रोखून ऐकायची.

विझलेल्या ग्रंथीचं काम आता एक गोळी करते. रोज पहाटे, उपाशीपोटी. हल्ली गल्लीत निम्म्या घरांतून "मला थायरॉईड आहे" ऐकू येतं, पण त्यांच्यातल्या बहुतेकींची ग्रंथी मुळातच मंद. आईची धावून धावून मंद केलेली. गोळीनंतर अर्धा-पाऊण तास थांबून ती चहा घेते. गेल्या दिवाळीत मी तिच्यासमोर बसले होते. तिच्या हातात कप, केसांवर खिडकीतलं कोवळं ऊन. बशीत कप वाजला. आम्हा दोघींची मान एकदमच खिडकीकडं वळली.

"गाडीच आहे," ती म्हणाली.