सही कायले केली?

ती. मावशीस,


त्या दिवशी फोनवर तू "बरं, ठेवतो" म्हणालीस आणि खरंच ठेवलास. त्याला आता तीन आठवडे झाले. मी दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा वहिनीने उचलला. आई वावरात गेल्यात म्हणाली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी रात्री आठ वाजता तू कोणत्या वावरात असतेस गं?

म्हणून लिहायला बसले. पत्र तू टाकून देणार नाहीस. कागद फेकायची तुला सवयच नाही.

भांडण सुरू झालं ते माझ्या भाषणावरून. आठ मार्चला मला एका कॉलेजने बोलावलं होतं, विषय 'स्त्रीवाद म्हणजे काय'. मी कौतुकाने तुला सांगितलं आणि तू हसलीस. "सांगजो पोरीईले, सही कशी करायची थे!" कोणत्या सहीबद्दल बोलतेस, ते मला लगेच कळलं. आठ वर्षं झाली, तरी तू ती सही विसरत नाहीस.

बाबा गेले, वारसनोंद झाली, आईच्या आणि भाऊच्या खाली माझंही नाव सात-बाऱ्यावर चढलं. सहा महिन्यांनी भाऊचा फोन आला. काही नाही, एक हक्कसोडपत्र करायचंय, तू येऊन जा. मी गेले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसून चहा प्यायले, कॅमेऱ्याकडे बघून फोटो दिला, अंगठा दिला, सही केली. कायदा मला पाठ होता. मुलीला जन्मानेच समान हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती मी वर्गात शिकवत होते. तरी केली. भाऊशी वाकडं कशाला, माहेर तुटायला नको, मला कुठे शेती करायचीय... तुला दिलेली ही सगळी कारणं खरी होती. आणि तू काय म्हणालीस? "लग्नानंतर नाव नाही बदलवलं म्हणते, आन् सात-बाऱ्यावर होतं थे नाव खोडून आली!"

मावशी, इतकं झोंबणारं मला आजवर कुणी बोललेलं नाही. माझ्यावर टीका करणाऱ्या एकाही पुरुषाला ते सुचलं नाही.

तुला आठवतं, १९८६ सालचा नोव्हेंबर? दिवाळीच्या सुट्टीत मी तुझ्याकडे आले होते, चौदा वर्षांची. तू गावातल्या बायकांबरोबर ट्रकमध्ये बसून चांदवडला निघालीस. शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन होतं. काका शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून तुला निरोप द्यायला उभे होते, आणि मागे आम्हाला त्यांच्या हातची करपलेली खिचडी खावी लागली. तू परत आलीस ती घसा बसून. लाखांवर बाया होत्या, एवढंच सांगत राहिलीस. "एवढ्या बाया मी पंढरपुरातबी नाही पाह्यल्या." आपल्याकडच्या सभेत पुढच्या सतरंजीवर पुरुष आणि मागे भिंतीशी बाया. तिथे नजर जाईल तिथवर लुगडीच लुगडी.

मग लक्ष्मीमुक्ती आली. ज्या गावातले शंभर शेतकरी बायकोच्या नावावर जमीन करतील, त्या गावात संघटनेचे शरद जोशी स्वतः येणार. काकांनी दोन एकर तुझ्या नावावर केलं. मी तेव्हा कॉलेजात, नवी नवी शिंगं फुटलेली. मी म्हटलं, हे तर दान झालं, काकांनी दिलं म्हणून मिळालं, यात हक्क कुठे आला? तू तूर पाखडत होतीस. सूप खाली न ठेवता म्हणालीस, "देल्लं कोणं थे नको पाहू. नाव कोणाचं आहे थे पाह्य."

मग पत्र्याच्या पेटीतून, शालूच्या घडीखालून, रेशनच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो उतारा काढलास. भोगवटादाराच्या रकान्यात तुझं नाव, क्षेत्र ०.८१ हेक्टर. हळदीचं बोट कागदाला लागू नये म्हणून तू पदराला पुसून घेतलंस आणि मग ते नावाखालून फिरवलंस. हळूहळू. पोथीवरून फिरवतात तसं.

रावेरीला तूच मला नेलंस. सीतेचं मंदिर, शेजारी राम नाही. वनवासातल्या सीतेने लव-कुशांसाठी गावात पसाभर गहू मागितले, कुणी दिले नाहीत, मग तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही, ही तिथली कथा. मी बाहेर येऊन पितृसत्तेवर बोलायला लागले. तू चपला शोधत होतीस. "तिच्या नावानं दोन एकर वावर असतं, तं पसाभर गव्हासाठी दारोदार फिरली असती काय?" संपला विषय. पुढे याच विषयावर मी जाडजाड पुस्तकं वाचली, पण चपला शोधता शोधता कुणी ते असं सांगितलं नाही.

हेही कबूल करते, पुण्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षीची माझी होस्टेलची फी तुझ्या त्याच दोन एकरातल्या कापसाची होती. त्या पैशावर मी विद्याताई बाळांचं 'मिळून साऱ्याजणी' मासिक वाचलं, 'मुलगी झाली हो' नाटक पाहिलं, कुंकू लावणं सोडलं. आणि सुट्टीत येऊन तुलाच ऐकवलं, की तू वटपौर्णिमेचा उपास करतेस म्हणजे तू गुलाम आहेस. तू मला साबुदाण्याची उसळ वाढलीस. रागावली का नाहीस तेव्हा?

पण सगळं तुझंच बरोबर, असं लिहायला मी बसलेले नाही.

२०१९ मध्ये काका गेले. दहाव्याला बाया जमल्या. मी तुझं मनगट धरून बसले होते. तू माझा हात बाजूला केलास. "करू दे त्याईले, त्याईचं समाधान होते." हिरव्या काचा फरशीवर पडल्या, एक तुकडा तुझ्या मनगटात रुतला, तू त्यावर हळद दाबलीस. ज्या बाईने चांदवडला घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, ती हीच का? त्या दिवशी मला तुझा राग आला होता. अजून आहे. पुढे २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडायची, कुंकू पुसायची प्रथा बंद करायचा ठराव केला. मी तुला कात्रण पाठवलं. त्यावर तू काहीच बोलली नाहीस. पुढच्या संक्रांतीला वहिनीने तुझ्याच घरात हळदीकुंकू केलं. तिने तुला दोनदा बोलावलं, मी ऐकलं. तू मागच्या खोलीत डाळीतले खडे निवडत बसलीस. सात-बाऱ्यावर नाव असलेली बाई मागच्या खोलीत? मी आत येऊन हेच विचारलं, तर म्हणालीस, "वावर माहं आहे. कुंकू तुह्या काकाचं होतं."

याला काय उत्तर द्यायचं, मावशी? कुंकू बाईचं लग्नाआधीपासूनचं असतं, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी नुसतीच तुझ्याबरोबर खडे निवडत बसले.

काका होते तोवर तू मंगळसूत्र ठेवलंस आणि जमीनही ठेवलीस. मी दोन्ही सोडलं. कॉलेजातल्या मुलींनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, तुला कुणी भाषणाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी तू गेली नसतीस म्हणा. "थे शहरातल्या बायाईचं असते," हे तुझं ठरलेलं. स्त्रीवादी हा शब्द तू कधी स्वतःला लावून घेतला नाहीस आणि मी तो पदराला बांधून फिरते. पदराच्या गाठीत काय आहे, ते तू एका वाक्यात उघडं केलंस.

म्हणून त्या दिवशी फोनवर मीही तुझी गाठ सोडली. सहीवरून तू बोललीस आणि मी पटकन विचारलं, "मग त्या दोन एकरातलं तुझ्या लेकीला, ताईला, किती देणार आहेस?" पलीकडे किती वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग "बरं, ठेवतो".

उत्तर आलेलं नाही. मी सूड म्हणून विचारलं होतं, हे खरं. पण आता खरंच विचारते. ताई चाळीस किलोमीटरवर राहते, वेचणीला येते, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तीच होती. दादाला सगळं आणि ताईला साडीचोळी, असं तुझ्या मनात असेल तर तेही सांग. मी ऐकून घेईन. मात्र यापुढे मला पुन्हा विचारू नकोस, सही कायले केली म्हणून.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते, रविवारी दुपारपर्यंत पोचेन. ताईलाही यायला सांगितलंय. पेटी उघडून ठेव.

तुझी,
भाची