चार ओळी

आमच्या कोर्सला खडकवासल्याहून बाहेर पडून पंचवीस वर्षं होतायत. त्यानिमित्त पुस्तिका निघणार आहे. प्रत्येकाने एक फोटो आणि चार ओळी द्यायच्या: सध्या कुठे, काय करतोस, घरी कोण कोण. पुण्यातल्या एका कोर्समेटने हे काम अंगावर घेतलंय. त्याचा तिसरा फोन आला तेव्हा मी म्हैसूरला, आमच्या एनसीसी ऑफिसच्या व्हरांड्यात उभा होतो.

"अरे, युनिट कमांड करून आलेल्यांनी पाठवलं, अमेरिकेतल्यांनी पाठवलं. तुझ्या चार ओळींना मुहूर्त कधी?"

"पाठवतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लेफ्टनंट कर्नलपर्यंत बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. पुढे कर्नल व्हायला सिलेक्शन बोर्ड असतो. तीन वेळा नाव विचारात घेतात. माझं तिन्ही वेळा आलं नाही. तक्रार नाही, जागा कमी आणि माणसं चांगली. पण हे चार ओळींत कसं बसवायचं, ते सुचत नव्हतं. एक ओळ लिहायचो आणि पुसायचो.

त्याच आठवड्यात इथल्या विद्यापीठाच्या एका जुन्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. कॉलेजचे कॅडेट आमच्याकडे, म्हणून मला आमंत्रण. माझ्या पदवीवर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं नाव आहे, कारण एनडीएची पदवी तेच देतं. तिथे मी शिकायला एक दिवसही गेलेलो नाही. त्यामुळे 'आपलं कॉलेज' म्हणून गळ्यात पडणारी म्हातारी माणसं बघायला मला मजा येते.

म्हैसूर विद्यापीठ १९१६ सालचं, संस्थानी मुलखातलं पहिलं. महाराज चौथे कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळातलं. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९४९ उजाडलं. विश्वेश्वरय्या इंजिनिअर झाले ते मात्र पुण्यात. ज्या खडकवासल्याच्या पाण्यात आम्ही शिडाच्या बोटी उलथवल्या, त्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच १९०३ मध्ये बसवले. म्हैसूरला आलो आणि पुन्हा खडकवासलाच भेटला.

भाषणांत दोन भावांची गोष्ट आली. 'मालगुडी डेज'वाले आर. के. नारायण विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाले होते, आणि पुढे बी.ए.लाही त्यांना एक वर्ष जास्त लागलं. धाकट्या लक्ष्मणना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला. मग त्यांनी इथूनच बी.ए. केलं, मुंबई गाठली आणि आपल्याला चौकटीच्या कोटातला 'कॉमन मॅन' दिला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पण खरं सांगतो, अशा गोष्टींनी मला धीर येत नाही. ते दोघे पुढे मोठे झाले, म्हणून त्यांचं नापास होणं आज गोड लागतं. जे मोठे झाले नाहीत, त्यांनी काय सांगायचं?

मग एकेकाने उठून आपली हकीकत सांगायची होती. बँकेतून निवृत्त झालेले, कोडगूत कॉफीचा मळा सांभाळणारे, मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेले. एक बारीक चणीचे गृहस्थ उठले. म्हणाले, "बी.एस्सी. केलं. मग तीस वर्षं एकाच लॅबमध्ये नोकरी. विशेष काही नाही." आणि बसले.

कॉफीच्या वेळी ते शेजारी आले. मी सहज विचारलं, "कुठली लॅब, सर?"

"डीएफआरएल."

माझा कप हातातच राहिला. डीएफआरएल म्हणजे संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा. १९६१ पासून म्हैसुरातच आहे. सीमेवरच्या जवानाने खायचं तयार जेवण कसं टिकवायचं, हे तिथे ठरतं. पाकिटात अन्न भरायचं, ते सील करायचं, मग वाफेच्या दाबाखाली शिजवून निर्जंतुक करायचं. पुढे ते बर्फाच्या कपाटाशिवाय महिनोन्‌महिने राहतं.

"तुम्ही काय करायचात?"

"पाकिटं ३७ अंशांच्या खोलीत ठेवायची. ठरलेल्या दिवशी एकेक उघडायचं. रंग, वास, चव. नोंद करायची. परत पुढच्या तारखेला."

तीस वर्षं.

मी त्यांना एका हिवाळ्याची गोष्ट सांगितली. मी कॅप्टन होतो. चौकीवर तीन दिवस वादळ होतं, वाट बंद. सातारकडचा एक पोरगा तापाने पडला होता. काही खाईना. मी सुजीच्या हलव्याचं पाकीट अर्धा तास जॅकेटच्या आत, पोटाशी धरलं. कोमट झाल्यावर चमच्याने भरवलं. त्याने अर्धं खाल्लं आणि म्हणाला, "साहेब, आईच्या हातचा नाही, पण गोड आहे."

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग एकदम विचारलं, "साखर कमी तर नाही ना लागली? उंचीवर जीभ मंद होते म्हणतात. आमच्याकडे चाचणीचे फॉर्म यायचे. वर खाऊन आलेला माणूस मला आज पहिल्यांदा भेटतोय."

"नाही लागली, सर. बरोबर होती."

त्यांनी मान हलवली, एखाद्या जुन्या वहीत राहिलेली नोंद पूर्ण झाल्यासारखी.

त्या रात्री घरी येऊन मी लिहिलं: 'लेफ्टनंट कर्नल. बोर्डात नाव आलं नाही. सध्या म्हैसूर, एनसीसी. कॉलेजच्या पोरांना कवायत आणि नकाशा शिकवतो. बायको शाळेत शिकवते, मुलगी बारावीला.' पाठवून दिलं.

दोन दिवसांनी कोर्समेटचा फोन आला. आवाज जरा हळू. "तुझ्या ओळी ग्रुपवर टाकल्या होत्या. ज्यांचं येत नव्हतं, त्यातल्या चौघांनी काल पाठवलं."

"काय लिहिलंय?"

"तुझ्यासारखंच. साधं."

कुठल्या पुस्तिकेत तुमच्याही चार ओळी राहिल्या असतील, तर पाठवून द्या. तुम्ही भरलेलं पाकीट कुणी, कुठे उघडलं, हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

जय हिंद.